टेम्सकांठचें अॅबिंग्डन आणि रॅलीची एक मोटार

ऑक्सफर्डच्या दक्षिणेस सहा-सात मैलांवर टेम्स नदीच्या कांठीं अॅबिंग्डन नांवाचें एक प्राचीन गांव आहे. विलायतेस जाणारीं आपल्याकडील माणसें ऑक्सफर्ड पाहतात आणि तेथूनच लंडनला परततात. आम्हीहि तसेंच केलें असतें. परंतु आमचा पुतण्या हार्वेलच्या प्रयोगशाळेंत नोकरीस असून त्याचें बिऱ्हाड या गांवीं असल्यामुळें इ. स. २०१९ च्या उन्हाळ्यांत आमचा व सौभाग्यवतींचा तेथें सहा आठवडे मुक्काम पडला. शाळामास्तराला सहा आठवडे रिकामपण म्हणजे शिक्षाच. तेव्हां सकाळ-संध्याकाळ गांवांतून हिंडण्याचा उद्योग आम्हीं आरंभिला.

नदीवर जुना दगडी पूल आहे. त्यावर उभें राहून खालचें संथ पाणी पाहिलें म्हणजे वाईच्या घाटाची आठवण होते. फरक इतकाच कीं, येथें कोणी धुणें बडवीत नाहीं आणि संध्येलाहि बसत नाहीं. सेंट हेलेनच्या प्रार्थनामंदिराशेजारीं इ. स. १४४६ मध्यें वृद्धांसाठीं बांधलेल्या खोल्यांची एक लांबलचक ओळ असून तींत आजहि वृद्ध माणसें राहतात. एके काळीं वैभवांत असलेला येथील मठ आठव्या हेन्रीच्या अमदानींत, इ. स. १५३८ मध्यें, मोडला. त्याचे थोडेसे अवशेष काय ते उरले आहेत. बाजारच्या चौकांत सतराव्या शतकांतील काउंटी हॉल नांवाची भव्य इमारत आहे. राज्यारोहणासारख्या प्रसंगीं तिच्या गच्चीवरून खालीं जमलेल्या लोकांवर गोड पावांचा वर्षाव करण्याची चाल येथें अठराव्या शतकापासून चालत आलेली आहे. अन्न असें पायदळीं जाऊं देणें सौभाग्यवतींना मुळींच पसंत पडलें नाहीं, व तें त्यांनीं पुतण्याला, जणूं त्यानेंच पाव फेकले होते अशा थाटांत, सुनावलें.

याच इमारतींत गांवाचें संग्रहालय आहे. तेथें वरच्या मजल्यावर एक अखंड मोटार ठेवलेली पाहून आम्ही चकित झालों. ही जिन्यावरून आली कशी, असें विचारतां तेथील बाईंनीं हंसून खिडकीकडे बोट दाखविलें. यारीनें उचलून खिडकींतून आंत घेतली होती! ही एम. जी. जातीची मोटार. या मोटारींचा कारखाना इ. स. १९२९ पासून १९८० पर्यंत याच गांवीं, एका जुन्या चामड्याच्या कारखान्याच्या जागेंत, चालत होता. ऑस्टिन-हीली नांवाच्या वेगवान गाड्याहि १९५७ नंतर येथेंच जोडल्या जात. आणि त्या आवारांतच, रॅलींत उतरविण्याच्या गाड्या तयार करणारा एक स्पर्धाविभाग होता. तो १९७० सालीं बंद पडला.

रॅली म्हणजे निव्वळ धांवण्याची शर्यत नव्हे. नेमून दिलेल्या रस्त्यानें, नेमून दिलेल्या वेळीं, एकामागून एक तपासणीच्या ठाण्यांवर हजर व्हावयाचें. उशीर झाला कीं दंडाचे गुण. गाडींत दोघे असतात : एक हांकणारा, दुसरा नकाशा वाचून वळणें सांगणारा. ज्यांचें नांव या गाडीला आहे, त्या डोनल्ड हीली यांनीं स्वतः इ. स. १९३१ मध्यें मॉण्टे कार्लोची रॅली जिंकली होती. आणि १९६० मध्यें पॅट मॉस व अॅन विज्डम या दोघी इंग्रज तरुणींनीं अॅबिंग्डनच्या हीली ३००० गाडींतून लिएज-रोम-लिएज ही रॅली जिंकली. बेल्जममधील लिएजहून निघावयाचें, आल्प्सचे घाट ओलांडावयाचे आणि परत यावयाचें, आणि तेंहि रात्रंदिवस, झोंपेसाठीं मुक्काम न करतां! स्त्रियांसाठीं वेगळें बक्षीस असतें, तें नव्हे. सर्व पुरुषांना मागें टाकून पहिला क्रमांक.

ही माहिती आम्हांस पुस्तकांतून नव्हे, पुतण्याच्या घरमालकांच्या तोंडून मिळाली. घरमालक एक्याऐंशी वर्षांचे, आणि त्यांच्या पत्नी त्यांहून दोन वर्षांनीं लहान. खालच्या मजल्यावर हीं दोघें राहत, वर आमचा पुतण्या. पूर्व वयांत ते त्या कारखान्यांत जोडणीच्या रांगेंत कामाला होते. एके दिवशीं त्यांनीं आम्हांस परसांतील पत्र्याच्या खोपटांत नेलें आणि एक मळकट चादर ओढून काढली. खालीं लाल रंगाची हीली ३००० उभी होती.

मोटारीचें आम्हांस ज्ञान नाहीं. परंतु एखादी वस्तु कोणीं प्रेमानें केली आहे हें ओळखण्यास ज्ञान लागत नाहीं. इ. स. १९६३ मध्यें एका डॉक्टरची आपटून चेपलेली ही गाडी त्यांनीं स्वस्तांत घेतली, आणि दोन हिंवाळे, कारखान्यांतून सुटल्यावर रात्री जागून, ती रॅलीसाठीं नव्यानें बांधली. स्पर्धाविभागाकडून अॅल्युमिनियमचे पत्रे रोख पैसे देऊन आणले. पोटाखालीं जाड संरक्षक पत्रा बसविला. धूर सोडणारी नळी मागें न नेतां बाजूनेंच बाहेर काढली. कारण या गाडीचें पोट मुळांतच जमिनीला फार जवळ, आणि खडकाळ रस्त्यावर नळी प्रथम तुटावयाची. २९१२ घनसेंटिमीटरचें सहा नळकांड्यांचें यंत्र पुढें धगधगत असल्यामुळें आंत बसणाऱ्याचे पाय भाजत असत. वेल्सच्या डोंगरांतील अरुंद वाटांवरून रात्रीच्या रॅलींत या दोघांनीं ही गाडी सात वर्षें पळविली. हांकणारे घरमालक, आणि एक मैलाला एक इंच या प्रमाणाचा नकाशा मांडीवर घेऊन, छोट्याशा दिव्याच्या उजेडांत वळणें सांगणाऱ्या त्यांच्या पत्नी. "हे माझें कधीं ऐकत नसत, ते त्या गाडींत मात्र ऐकत," बाई म्हणाल्या. सौभाग्यवतींनीं यावर आमच्याकडे पाहिलें.

आतां ती गाडी विकावयाची होती. बाईंचे गुडघे गेले होते. न्हाणीघर वर, जिना अरुंद. खालीं न्हाणीघर बांधणें प्राप्त होतें. शिवाय छप्पर गळत होतें, आणि तें नेमकें आमच्या पुतण्याच्या खोलीवर. पाऊस आला कीं तो पलंग सरकवी व बादली मांडी.

जुन्या मोटारींचा एक दलाल आला. माणूस बोलण्यांत मोठा गोड. त्याच्याकडून समजलें कीं, कारखान्याच्या स्पर्धाविभागानें स्वतः बांधून रॅलींत उतरविलेल्या हीलीला साध्या हीलीच्या कित्येक पट किंमत येते. त्यानें जाहिरातीचा मजकूर लिहूनच आणला होता : अॅबिंग्डनच्या कारखान्यांत तयार झालेली, स्पर्धाविभागाच्या साहित्यानें सजविलेली, कारखान्याच्याच कारागिरानें रॅलीसाठीं बांधलेली. यांतील एकहि शब्द खोटा नव्हता. परंतु तीन खऱ्या शब्दसमूहांची ही माळ वाचून ग्राहक जें समजणार होता, तें मात्र खोटें होतें. राहिलें नोंदणीचें जुनें पुस्तक. त्यांत पहिला मालक म्हणून कारखान्याचें नव्हे, त्या डॉक्टरचें नांव होतें. हल्लींच्या नोंदणीपत्रावर तें नांव नाहीं. "जुनीं पुस्तकें बहुधा हरवतातच, तें विचारतोय कोण?" दलाल म्हणाला.

घरमालकांनीं कागद दोनदां वाचला. ते कांहींच बोलले नाहींत. आणि त्यांच्या न बोलण्यांत बाईंचे गुडघे होते, हें आम्हांस स्पष्ट दिसत होतें. आम्हांस तेव्हां युधिष्ठिराची आठवण झाली. त्याचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटें वर चालत असे, आणि द्रोणाचार्यांपाशीं तें अर्धें वाक्य हळूच उच्चारतांच तो भुईला टेंकला. आयुष्यभर वर्गांत ही कथा सांगतांना धर्मराजाला दोष देणें आम्हांस फार सोपें गेलें होतें. परंतु त्या टेबलापाशीं बसून आम्ही त्या म्हाताऱ्या गृहस्थांना, सही करूं नका, असें म्हणूं शकलों नाहीं. छप्पर त्यांचें गळत होतें, आमचें नव्हे.

बाई भिंतीचा आधार घेत आंत गेल्या. बऱ्याच वेळानें परत आल्या त्या हातांत तें पुस्तक घेऊन. चहाच्या पेल्यांमध्यें तें उघडें ठेवून त्या दलालाला म्हणाल्या, "सात वर्षें यांना मीं रस्ता सांगितला. तुम्ही म्हणतां त्या रस्त्यानें आम्ही कधीं गेलों नाहीं." मग नवऱ्याकडे वळून जरा रागानेंच म्हणाल्या, "आणि सही करण्यापूर्वीं मला विचारायला काय झालें होतें?"

दलालानें चहा संपविला आणि, मग किंमत निम्म्याहूनहि खालीं जाईल, असें सांगून तो गेला. पुढचे दोन दिवस त्या घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. मनुष्यानें योग्य तें केलें म्हणजे त्याला लगेच समाधान वाटतें असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. आम्हीं तरी त्या घरांत तें पाहिलें नाहीं. घरमालक रोज खोपटांत जाऊन बसत, आणि बाई वर जातांना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबत.

नवी जाहिरात आमच्या पुतण्यानें लिहून दिली. तींत डॉक्टर होता, अपघात होता, विकत आणलेले पत्रे होते. चौकशा पुष्कळ आल्या, पण बहुतेक लोक 'कारखान्याची नव्हे' या शब्दांशीं येऊन थांबत. आमच्या मुक्कामाच्या पांचव्या आठवड्यांत वेल्समधील एक मोटार दुरुस्त करणारा गृहस्थ आला. त्यानें रंगाकडे पाहिलेंच नाहीं. अंगांतला कोट काढून तो पाठीवर निजला आणि गाडीखालीं शिरला. बाहेर आला तो म्हणाला, "हे ओरखडे आमच्या रस्त्यांवरचे आहेत." जुन्या गाड्यांच्या रॅली हल्लीं भरतात, त्यांत त्याला ती हांकावयाची होती. किंमत त्यानें फार वाढविली नाहीं. नोंदणीचें जुनें पुस्तक मात्र त्यानें मागून घेतलें, आणि त्याबरोबर बाईंच्या खुणा केलेले नकाशेहि. नकाशे द्यावयाला बाई प्रथम तयार होईनात. शेवटीं एक ठेवून बाकीचे दिले.

गाडी सुरू झाली तेव्हां गल्लींतल्या खिडक्यांचीं तावदानें थरथरलीं. ती पुलाच्या दिशेनें गेली. बराच वेळ आवाज येत होता. घरमालकांनीं खोपटांतल्या जमिनीवरच्या तेलाच्या डागावर लांकडाचा भुसा पसरला आणि दार ओढून घेतलें.

आम्ही परत आल्यावर दिवाळीच्या सुमारास पुतण्याचें पत्र आलें. खालचें न्हाणीघर बांधून पूर्ण झालें होतें. बादली अद्याप त्याच्या खोलींतच होती.