कुत्रंबित्रं

2020 चा जून संपत आला होता. लॉकडाऊन. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत फोन चाळत पडले होते, तर दिमापूरच्या बाजारातला एक फोटो समोर आला. गोणीत कोंबलेली कुत्री, नुसती डोकी बाहेर, तोंडं दोरीनं आवळलेली. खाली गेटपाशी आमची भुरी दूधपोळीची वाट बघत बसलेली. मी रडले. नागालँडच्या मुख्य सचिवांना मेल पाठवला आणि स्टेटस ठेवलं: 'ही माणसं आहेत की राक्षस?'

शेजारच्या कॉटवर माझी रूममेट होती. कोहिमाची. ती काहीच बोलली नाही.

जुलै उजाडताच तिथल्या सरकारनं कुत्र्यांचा व्यापार आणि मांसविक्री बंद केली. मी आनंदानं ओरडले, तेव्हा ती म्हणाली, "मी कधी खाल्लं नाही. आमच्या घरी कुत्रा आहे, आई आमच्याआधी त्याला वाढते. पण आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा ताकद यावी म्हणून तिला तो रस्सा दिला होता. ती राक्षस होती का?"

मला उत्तर सुचेना. 2015 मध्ये आपल्याकडे गोवंश हत्याबंदी आली, तेव्हा 'कुणी काय खावं हे सरकार कोण ठरवणार' अशी तावातावानं पोस्ट लिहिणारी मीच होते. आणि स्कूटरच्या हँडलला उलट्या टांगून नेलेल्या कोंबड्या तर मी दर रविवारी बघते. बघते आणि खाते.

जून 2023 मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठानं ती बंदी रद्द केली. कोहिमातले परवानाधारक विक्रेते कोर्टात गेले होते. विधानसभेनं कायदा केलेला नसताना नुसत्या सरकारी आदेशानं असा धंदा बंद करता येत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. मला ते पटलं. गोणी मात्र आजही पटत नाही. जनावरांची तशी वाहतूक 1960 च्या कायद्यानंच गुन्हा आहे, कुत्रा असो की कोंबडी. मी मेलमध्ये तेवढंच मागायला हवं होतं.

तोवर ती कोहिमाला परतली होती. तिला निकालाची बातमी पाठवली, वाटलं खूश होईल. तिचं उत्तर आलं, "बंदी राहिली असती तरी मला चाललं असतं. इथली पोरं आता कुत्री पाळतात, त्यांना आपोआप नकोसं होतंय. तुम्ही लोक ओरडलात की तीच पोरं हट्टाला पेटतात."

पुढे दक्षिण कोरियाची बातमी तिनंच पाठवली. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या संसदेनं मांसासाठी कुत्री पाळणं, मारणं, विकणं बंद करणारा कायदा 208 विरुद्ध 0 मतांनी केला. अंमल 2027 पासून, धंदेवाल्यांना दुसरी वाट शोधायला तेवढा वेळ. खाणाऱ्याला शिक्षा नाही. 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या वेळी पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून हीच हॉटेलं मागच्या गल्ल्यांत ढकलली होती. खाली तिनं लिहिलं होतं, "आधी घराघरांत खाणं सुटलं, मग कायदा आला."

मग मी धीर करून लिहिलं, "ते राक्षसवालं स्टेटस... सॉरी."

"स्टेटस नाही गं," ती म्हणाली. "खोली बघायला गेलो होतो ते आठवतं? घरमालकीण काकूंनी तुला विचारलं, 'नॉनव्हेज चालतं का?' आणि मला, 'कुत्रंबित्रं नाही ना खात?' तेव्हा तू हसली होतीस."

हसले होते. खोली हवी होती.