पहिली पंगत मुलांची

साठ-सत्तरच्या दशकात मुंबईच्या चाळींमधली मुले मे महिन्यात एस.टी.ने रात्रभर प्रवास करून कोकणात आजोळी पोहोचत. चूळ भरून होते न होते तोच स्वयंपाकघरात ताटल्या मांडल्या जात. मऊ भात, त्यावर मेतकूट, तुपाची धार आणि बाजूला लोणच्याची फोड. मुंबईत भाजीला नाक मुरडणारा मुलगा इथे ताटली चाटूनपुसून लख्ख करी. शेजारी मामेभाऊ दुसऱ्यांदा भात मागू लागला की आपलीही भूक वाढते, एवढेच त्याचे कारण.

दुपारी केळीची पाने. फणसाची भाजी, सोलकढी आणि आंबा. हापूस मात्र पेट्यांत भरून मुंबईच्या बाजारात जाई. घरच्या मुलांच्या वाट्याला डागी फळे आणि रायवळ. (मुलांची त्याबद्दल तक्रार नसे, चोखून खायचा तो रायवळच!) बादलीत भिजत घातलेल्या आंब्यांभोवती पंधरा-सोळा मुले कोंडाळे करून बसत. कोपरापर्यंत रस ओघळे आणि शेवटी कोणापुढे किती बाठे पडले याची मोजदाद होई. वाळत घातलेली साठे कावळ्यांपासून राखायचे कामही मुलांकडेच असे. कावळ्यांनी किती खाल्ली आणि राखणदारांनी किती, हे आजीला बरोबर कळे.

पहिली पंगत मुलांची, दुसरी पुरुषांची. बायकांची पाने मांडेपर्यंत तीन वाजत. लेकी माहेरी आलेल्या, म्हणजे विसाव्याला आलेल्या. त्यामुळे चुलीपुढचा भार मामीवर पडे. मामीलाही माहेर होते, तिथेही मेमध्ये तिच्या बहिणी जमत. पण घर नणंदांनी आणि भाच्यांनी भरलेले असताना ती निघणार कशी? पाहुणे परतत तेव्हा पाऊस तोंडावर आलेला असे आणि पेरणीची घाई सुरू होई.

ती मुले आता पन्नाशी ते सत्तरीची झाली आहेत. आजोळचा विषय निघाला की ती आजीच्या हातच्या चवीबद्दल भरभरून बोलतात. मामीचे नाव क्वचितच निघते, आणि हे काही एकाच घरातले नव्हे.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. प्रवास सोपा झाला, पण तोवर कित्येक घरांना कुलपे लागली होती. काही भावंडे अजूनही ठरवून मेमध्ये दोन दिवस जमतात. जेवण गावातल्या खानावळीतून येते.

अशाच एका घरात भाचरांनी ऐंशी ओलांडलेल्या मामींना आग्रहाने पहिल्या पंगतीला बसवले. पान वाढून झाले, तूपही पडले, तरी त्यांचा हात भाताकडे जाईना.

"सगळी मुले बसली ना रे?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

मुलांमधली सर्वांत धाकटी बावन्न वर्षांची होती. ती वाढता वाढता थांबली आणि मामींच्या शेजारी पान घेऊन बसली.