पाच वाजता अंधार

अंदमानला जायचं हे आम्ही चौघींनी पहिल्यांदा ठरवलं ते १९९० साली. पुण्यात, हॉस्टेलच्या मेसमध्ये, ताटातली भेंडी तशीच ठेवून. बोट कलकत्त्याहून पकडायची की मद्रासहून यावर कडाक्याचं भांडणसुद्धा झालं होतं. प्रत्यक्ष गेलो डिसेंबर २०२४ मध्ये, आणि अर्थातच विमानाने. मधल्या चौतीस वर्षांत चार लग्नं, एक घटस्फोट, दोन बायपास (आमच्या नव्हे, नवऱ्यांच्या) आणि "पुढच्या वर्षी नक्की गं!" हे वाक्य निदान शंभर वेळा, एवढं सगळं होऊन गेलं.

कोणाचीही खरी नावं सांगत नाही, हॉस्टेलवरची पुरेत. खांब, कारण ती उंच. आजी, कारण ती रात्री नऊला मफलर गुंडाळून झोपायची. मी कारकून, कारण मेसचा हिशोब माझ्याकडे. आणि रेडिओ. रेडिओ का, ते सांगायला नकोच. डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडायचं आणि दिवे गेल्यावरही प्रसारण चालू.

एक गोष्ट आधीच कबूल करते. मला रेडिओबरोबर जायचं नव्हतं.

एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत माझी आई गेली. त्या दिवसांत कोणी कोणाकडे येऊ शकत नव्हतं, त्यामुळे माणसं काय ती फोनवरच भेटायची. खांब रोज रात्री फोन करायची. आजीने तर फोनवरच मला दोनदा बळजबरीने जेवायला लावलं. रेडिओचा फोन तिसऱ्या दिवशी आला. मी उचलला, बोलायला लागले, रडायला लागले. पलीकडून "हो.. हो.." एवढंच आलं आणि अर्ध्या मिनिटात फोन बंद. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा मेसेज. ज्या बाईने दहावीच्या पोरांच्या प्रेमप्रकरणावर माझे चार तास खाल्ले होते, तिच्याकडे माझ्या आईसाठी अर्धं मिनिट होतं! त्या मेसेजला मी उत्तर दिलं नाही. नंतरही ती फोन घ्यायची नाही, "मेसेज कर ना" म्हणायची. मुलगा परदेशात, मोठं घर, चढली असेल हवा डोक्यात, असा निष्कर्ष मी काढला आणि हिशोब बंद केला. कारकूनच मी.

पण ग्रुपवर खांबाने तारखा टाकल्या, आजीने सुटकेसचा फोटो टाकला, आणि तिकिटं काढायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं. चार नावं टाईप केली. चौथं जरा जोरात.

पोर्ट ब्लेअरला उतरलो. २०२४ च्या सप्टेंबरात त्याचं श्री विजयपुरम झालं, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी पोर्ट ब्लेअरच. पुढे हॅवलॉकलाही तेच. २०१८ च्या डिसेंबरात ते स्वराज द्वीप झालं, तरी जेट्टीवर हाक ऐकू येते ती "हॅवलॉक, हॅवलॉक" अशीच. खांब म्हणाली, "आपल्यासारखंच गं. आधार कार्डावर एक, तोंडात दुसरंच."

पहिल्या दिवशी सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं लागली ते बांधायला. सात लांबलचक इमारती मधल्या मनोऱ्याला चाकाच्या आऱ्यांसारख्या जोडलेल्या होत्या, आता तीनच उरल्यात. एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं दुसरीच्या पाठीकडे. म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसूच नये, बोलणं तर दूरच. बाबाराव सावरकर आधीपासून तिथे होते आणि १९११ मध्ये त्यांच्या धाकट्या भावालाही तिथेच आणलं. सावरकरांच्या कोठडीपाशी गेलात तर मराठी कानावर पडणारच. आमच्यापुढे एक आजोबा चपला बाहेर काढून आत गेले आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही सगळ्या गाईडभोवती कोंडाळं करून ऐकत होतो. रेडिओ एकटीच लांब, प्रत्येक पाटी वाचत. संध्याकाळी तिथला ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम होता, तर म्हणाली, "माझं डोकं दुखतंय, तुम्ही जा." मी मनातल्या मनात अजून एक नोंद केली. आमच्यात मिसळायचं नाहीये बाईसाहेबांना.

मात्र बोलणं अखंड चालू होतं हं! बोटीत, रिक्षात, जेवताना. सून, नातू, गुडघे, राजकारण. आम्हाला मध्ये बोलायला फट मिळत नव्हती. खांब म्हणालीसुद्धा, "हिला वयाचा काही परिणाम नाही. अजून सगळी स्टेशनं लागतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅवलॉक. लाटांनी आजीचा चेहरा हिरवा केला, पण पोचलो. तिथल्या गावांची नावं ऐकून मजा वाटली. गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर, राधानगर! फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं. शेजारच्या नील बेटावर सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. म्हणजे एका बेटावर सगळी कृष्णाची मंडळी आणि दुसऱ्यावर अख्खं रामायण. हॉटेलच्या मावशी बंगालीच, आणि त्यांच्या हातची माशांची आमटी.. जाऊ दे, तो स्वतंत्र विषय आहे.

तिथे सगळ्यात गोंधळ घातला तो घड्याळाने. वेळ आपलीच, भारतीय प्रमाणवेळ. पण अंदमान मुंबईच्या पूर्वेला सुमारे वीस अंश. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा साधारण ऐंशी मिनिटं आधी हजर. साडेपाचला लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी पाचला सूर्य समुद्रात. साडेपाचला तर काळोख. आजी अर्थात खूश. तिच्या वेळापत्रकाप्रमाणे चालणारं बेट तिला आयुष्यात पहिल्यांदाच सापडलं होतं.

तिसऱ्या दिवशी स्कूबा डायव्हिंग. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक धरून नेतो. आजीने स्वच्छ नकार दिला. उरलेल्या तिघींना एकेक फॉर्म भरायला दिला. दमा आहे का, हृदयविकार आहे का, वगैरे. मी पटापट "नाही, नाही" करत गेले आणि सवयीने शेजारणीच्या कागदात डोकावले (परीक्षेतली सवय). कानांचे विकार, कमी ऐकू येणं, तोल जाणं असा एक प्रश्न होता. रेडिओने त्यापुढे "हो" वर खूण केली होती.

प्रशिक्षक मुलगा नम्रपणे म्हणाला, डॉक्टरांच्या पत्राशिवाय नेता येणार नाही. तिने एक हात कानामागे नेला आणि म्हणाली, "काय?" त्याने परत सांगितलं. ती त्याच्या ओठांकडे बघत होती. मी तिच्याकडे.

विचारायला वेळच नव्हता, मला पाण्यात नेलं. खाली जाताना कान असे दुखतात म्हणता! दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो, म्हणून नाक चिमटीत धरून हवा कानाकडे ढकलायची. खाली सगळं खुणांनी. अंगठा आणि तर्जनीचं गोल म्हणजे ठीक. मला पिवळ्या-काळ्या माशांचा थवा दिसला, भान हरपलं, आणि मी खुशीत अंगठा वर केला. झालं! तो मला ओढत वर न्यायला लागला. अंगठा म्हणजे "मला वर जायचंय". चांगली खूण सोडून नेमकी उलटी केली मी. मग हातपाय झाडून गोल करून दाखवलं तेव्हा कुठे परत खाली.

वर आले तर रेडिओ वाळूत टॉवेल घेऊन बसलेली. इकडचे शंख-शिंपले, पोवळी बेटाबाहेर न्यायला बंदी आहे, म्हणून गोळा केलेले शंख एकेक करून परत टाकत होती. मी शेजारी बसले. तिने विचारलं, "खाली काय ऐकू येतं गं?"

"स्वतःचा श्वास. बुडबुडे. तव्यावर मोहरी तडतडावी तसला आवाज सतत. पण माणसाचा शब्द म्हणून नाही."

"माझं असंच आहे," ती म्हणाली.

मग सांगितलं. २०१७-१८ पासून हळूहळू. दोन्ही कान. आवाज येतात, शब्द लागत नाहीत. स, श, फ, त असली बारीक अक्षरं आधी जातात. समोरच्याचे ओठ दिसले तर उरलेलं जुळवून घेता येतं. मग कोविड आला आणि सगळ्यांनी तोंडाला मास्क बांधले. ती घराबाहेर पडेनाशी झाली. फोनवर तर ओठ नाहीतच. मशीन घेतलंय, ते डबीत असतं. लावलं की म्हातारी झाल्यासारखं वाटतं.

"आम्हाला सांगायचं नाहीस?"

"तुम्ही मला काय म्हणता?" ती हसली. "रेडिओला ऐकू येत नाही असं कोण सांगेल? आणि मला युक्ती सापडली होती. आपण बोलत राहिलं की ऐकावं लागत नाही."

मी गप्प. मग तीच म्हणाली, "तुझी आई गेली तेव्हा मी फोन केला होता. तू काहीतरी सांगत होतीस. मला एक शब्द कळला नाही. रडतेयस एवढं कळलं. भलत्याच ठिकाणी 'बरं झालं' वगैरे तोंडातून गेलं असतं तर? म्हणून हो हो म्हटलं आणि ठेवला. तू मेसेजला उत्तर दिलं नाहीस, तेव्हा वाटलं, काहीतरी चुकीचं बोलूनच गेले असणार."

साडेतीन वर्षं! तीही हिशोब करत होती, मीही करत होते. आकडे तेच, आणि दोघींची बेरीज चुकलेली. मी मात्र तिला एकदाही विचारलं नव्हतं, की बाई, काय झालंय तुला? राग धरायला विचारावं लागत नाही, तेवढं ते सोपं असतं. तिचा जेलमधला एकटेपणा, डोकेदुखी, अर्धा क्षण उशिरा येणारं हसू, हे सगळं मला दिसत होतं. माझ्या वहीत ते "गर्व" या खात्यात जमा होत होतं.

संध्याकाळी राधानगरला गेलो, म्हणजे बीच नंबर सात. पांढरी वाळू, मागे उंचच्या उंच झाडं. खांब आणि आजी सूर्यास्ताचे फोटो काढत लांब गेल्या. आम्ही दोघी ओंडक्यावर. रेडिओ म्हणाली, "आता सांग. त्या दिवशी काय सांगत होतीस?"

मी सांगायला लागले. हॉस्पिटलात आत सोडत नव्हते. नर्सने व्हिडिओ कॉल लावून दिला, त्यात आई म्हणाली, "फ्रीजमधलं दूध संपव." तेच शेवटचं. मी ते दूध चार दिवस टाकलं नव्हतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, खांबालासुद्धा नाही. त्या दिवशी फोनवर रेडिओलाच सांगायला लागले होते.

तेवढ्यात पाच वाजले आणि सूर्य गेला. अंधार इतक्या भराभर उतरला की माझं वाक्य संपेपर्यंत तिने हात वर केला. "थांब. दिसत नाहीस तू."

मी मोबाईलचा टॉर्च लावला आणि स्वतःच्या तोंडावर धरला. डोळे दिपले, किडे आले, येणारे-जाणारे बघत होते. बाई रडतेय आणि वर स्वतःवर उजेड पाडून घेतेय, काय वाटलं असेल लोकांना! पण मी शेवटपर्यंत सांगितलं, हळू, एकेक शब्द. मध्ये ती एकदाही बोलली नाही. रेडिओ, पंधरा मिनिटं, एक शब्द नाही. संपल्यावर तिने अंगठा आणि तर्जनीचं गोल करून विचारलं, ठीक? मी अंगठा वर केला. मला वर यायचंच होतं.

रात्री जेवताना तिने डबी उघडून मशीन कानात घातलं. क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग खांब म्हणाली, "अरे वा, म्हणजे इतकी वर्षं एकतर्फी प्रसारण होतं, आता टू-वे झालं!" सगळ्यात जोरात रेडिओ हसली, आणि वेळेवर हसली. आजीने उठून तिची खुर्ची दिव्यासमोरच्या बाजूला सरकवली. नियम ठरला: एका वेळी एकीनेच बोलायचं. आमच्या चौतीस वर्षांच्या इतिहासात हे प्रथमच.

सगळं काही एका फटक्यात नीट झालेलं नाही. मशीन अजूनही बरेचदा डबीतच असतं, खांबाने चुगली केलीच. मी आता तिला साधा फोन करत नाही, व्हिडिओ लावते आणि खिडकीकडे तोंड करून बसते.

असो. ट्रिपचा हिशोब अजून ग्रुपवर टाकायचाय. चौघींच्या नावावर किती ते निघालंय, पण रेडिओच्या रकान्यात काय लिहावं ते सुचत नाहीये. तिथलं देणं माझंच आहे.