मोजलेले आकडे, काढलेले आकडे

धमनीतल्या रक्ताची सिरिंज हातात आली की मी आधी बुडबुडा शोधते. असला तर लगेच बाहेर काढायचा, टोपण घट्ट लावायचं आणि हेपॅरिन नीट मिसळावं म्हणून सिरिंज दोन्ही तळव्यांत फिरवायची. बुडबुड्यातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड नसल्यासारखाच. रक्तातला तिकडे निसटतो आणि आकडा उगाच खाली येतो.

मग ३७ अंशांवर मोजणी होते, पेशंटला ताप असो वा नसो. पीएच काचेच्या इलेक्ट्रोडवर कळतो. ऑक्सिजन पडद्यातून झिरपून क्लार्कच्या इलेक्ट्रोडमधल्या प्लॅटिनमपर्यंत पोचतो. जेवढा ऑक्सिजन, तेवढा विद्युतप्रवाह. कार्बन डायऑक्साइडची युक्ती मला सर्वांत देखणी वाटते. तो पडद्याआडच्या बायकार्बोनेटच्या द्रावणात शिरतो, द्रावणाचा पीएच उतरतो आणि त्या उतारावरून त्याचा दाब कळतो. रिचर्ड स्टो यांची ही कल्पना १९५४ची; त्यात बायकार्बोनेट घालून ती भरवशाची केली सेव्हरिंगहाउस यांनी.

मोजणी इथे संपते. बायकार्ब, बेस एक्सेस आणि साध्या यंत्रांत सॅच्युरेशनसुद्धा गणिताने येतं, पण स्लिपवर सगळे आकडे एकाच ठशात. पीएच ७.४, कार्बन डायऑक्साइड ४० : ४० गुणिले विरघळण्याचा गुणांक ०.०३ म्हणजे १.२, या पीएचला बायकार्ब त्याच्या वीसपट, म्हणून २४. यातला एक मोजलेला आकडा चुकला, की बायकार्बही चुकलाच.

पीएच न मोजता काढलेला अर्थ किती फसवतो, ते १९५२ साली कोपनहेगनमध्ये दिसलं. तिथे पोलिओची साथ होती. रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसे आणि डॉक्टर त्याला अल्कलोसिस म्हणत. श्वास अपुरा पडल्याने तो साठतोय, हे भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ओळखलं. पीएच मोजला, तर रक्त आम्लाकडे झुकलेलं! पुढे विद्यार्थ्यांनी रात्रंदिवस हाताने पिशवी दाबून पेशंट जगवले.

आपल्याकडे गॅस गीझर लावलेल्या बंद न्हाणीघरातून बेशुद्ध माणूस येतो. प्लाझ्मात विरघळलेला ऑक्सिजन शाबूत असतो, त्यामुळे ऑक्सिजनचा दाब, म्हणजे पीओटू, उत्तम आणि त्यावरून काढलेलं सॅच्युरेशन ९८. हिमोग्लोबिनवरच्या जागा कार्बन मोनॉक्साइडने अडवल्यात, हे सूत्राला कळायला मार्गच नाही. बोटावरचा पल्स ऑक्सिमीटरही फसतो. हिमोग्लोबिनचे प्रकार प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबींवर निवडणारा को-ऑक्सिमीटरच इथे हवा. आपल्या यंत्रात तो आहे का, हे मी नव्या रेसिडेंटला पहिल्याच दिवशी विचारते. नसेल तर असा पेशंट आल्यावर स्लिपवरच्या सॅच्युरेशनवर पेनाने काट मारायची आणि ऑक्सिजन पूर्ण चालू ठेवायचा.