घोडेगावच्या बाजारात म्हातारा बैल

नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागले की नेवासा तालुक्यात घोडेगाव लागते. शनिशिंगणापूरला जाणारे भाविक येथूनच आत वळतात. आम्ही उतरलो तो शुक्रवार होता, जनावरांच्या बाजाराचा वार. गावाच्या नावात घोडे, ग्रामदेवता घोडेश्वरी, आणि बाजारात आम्हाला एकही घोडा दिसला नाही!

बाजार खरा म्हशींचा. मुऱ्हा, जाफराबादी, गावठी अशा सगळ्या ओळीने बांधलेल्या. कोणी कास चाचपतो, कोणी वेत विचारतो. बैलांकडे गेलो तर तिथे दात पाहणे चाललेले. दोनदाती खोंडाभोवती गर्दी, चारदातीलाही गिऱ्हाईक. उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरतात. बाजूला उभ्या माणसाला कळत नाही की हजार वाढले की उतरले. अशा ठिकाणी बायकांना कोणी विचारत नाही, जरी घरी शेण-पाणी त्याच काढत असल्या तरी!

एका कडेला एक जुळलेला बैल उभा होता. खांद्यावर जुवाचा घट्टा, डोळ्याला पाणी. त्याचा मालक सत्तरीचा, दोन एकर कोरडवाहूचा धनी. आम्ही विचारले, “बाबा, काय भाव?” तो म्हणाला, “भाव कशाचा दादा, कोणी दावं धरून नेलं तरी लई झालं.”

यामागचा हिशेब समजून घेतला पाहिजे. राज्यात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने मनाई होतीच. ४ मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांनाही ती लागू झाली. म्हैस त्यात नाही, म्हणून म्हशींचा बाजार तेजीत. पूर्वी थकलेला बैल विकून आलेल्या पैशात भर घालायची आणि नवा खोंड आणायचा, अशी गरीब शेतकऱ्याची रीत होती. आता थकलेला बैल दुसऱ्या शेतकऱ्यानेच घ्यायचा, आणि तो का घेईल? संकरित गाईच्या गोऱ्ह्याची गत याहून वाईट. त्याला वशिंड नाही, ऊन सोसत नाही, औताला तो चालत नाही. रात्री कोणीतरी त्याला रस्त्यावर सोडून जातो. २०२५ च्या पावसाळ्यात तर कुरेशी समाजाच्या व्यापाऱ्यांनी राज्यात जनावरांची खरेदीच बंद ठेवली. गाड्या अडवून मारहाण होते, अशी त्यांची तक्रार होती.

मुका जीव वाचावा, याला आमचा विरोध कसा असेल? पण कत्तलखान्याचे दार लावले म्हणून कोणाच्या गोठ्याचे दार उघडत नाही. २०२४ साली सरकारने गोशाळांतील देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवले. बरे केले. मात्र शेतकऱ्याच्या दावणीला उभ्या असलेल्या बैलाला त्यातला छदामही नाही. त्याच २०१५ साली, ८ जूनला, मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील व्हिक्टोरिया घोडागाड्या वर्षभरात बंद करण्याचा निकाल दिला. पण त्या निकालात घोड्यांचे आणि गाडीवानांचेही पुनर्वसन करा, असे सरकारला बजावले होते. बैलाच्या मालकासाठी असे कोणी बजावले?

घोड्यांच्या नावाच्या गावी आलो आहोत, तर घोड्यांचीच एक हकिकत सांगतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील माळरानांवर मोकाट घोड्यांचे कळप आहेत. एके काळी त्यांना विमानांनी पळवून ट्रकमध्ये कोंबत आणि कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी कापत. नेवाडा राज्यातील व्हेल्मा जॉन्स्टन नावाच्या एका बाईने त्याविरुद्ध रान उठवले. ती एका कचेरीत चिटणिशीचे काम करी. शाळकरी पोरांनी सरकारला पत्रांचा पाऊस पाडला आणि १९७१ साली कायदा झाला. पुढे कळप वाढले, चारा पुरेना. सरकार घोडे धरून लोकांना पाळायला देऊ लागले. २०१९ पासून घोडा सांभाळणाऱ्याला हजार डॉलर मिळू लागले. २०२१ साली वर्तमानपत्राने शोधले, तर काही लोकांनी पैसे घेतले, मालकीचा कागद हाती पडताच घोडे लिलावात नेले, आणि लिलावात कत्तलखान्याचे खरेदीदार बसलेले! देशात २००७ पासून घोड्यांचा कत्तलखाना चालू नाही, म्हणून घोडे सरहद्दीपलीकडे मेक्सिको-कॅनडात जातात. कायदा झाला, घर मिळाले, पैसेही मिळाले. पण घरी जाऊन दावण पाहणारे कोणी नव्हते.

आमच्या वाचकांना बैलाचा शेवट पुस्तकातून शिकावा लागत नाही. पोळ्याला शिंगे रंगवून ज्याच्या पुढे पुरणपोळी ठेवली, तोच बैल मेला की गावाला आमच्या वाड्याची आठवण होई. ओढून न्यायचा आमच्या आज्याने. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ते काम आणि मृतमांस सोडण्यास सांगितले, आणि आमच्या माणसांनी उपाशी राहून ते सोडले. गावाने तेव्हाही विचारले नाही की आता या जनावराचे काय करायचे.

सम्राट अशोकाने शिलालेखांत कत्तलीला आवर घातला, तसेच ठरावीक दिवशी घोड्या-बैलांना डागू नये, असेही लिहिले. त्याच लेखांत माणसांबरोबर पशूंच्या औषधोपचाराची सोय केल्याचे आणि वाटेवर दोघांसाठी विहिरी खोदल्याचे सांगितले आहे. खर्च राज्याने उचलला होता.

बाजार मोडेपर्यंत आम्ही थांबलो. म्हाताऱ्याने बैलाला पाणी दाखवले. टेम्पोवाला परतीचे भाडे कमी करीना, तेव्हा त्याने दावे हातात घेतले आणि बैलाच्या चालीने तो पायी निघाला.