मेणबत्ती विझेपर्यंतचा भाव

१/ आजचा धागा एका बाजारभावाचा आहे. उत्तर अमेरिकेच्या जंगलांत सापळे लावून मिळवलेल्या फरची किंमत गेली साडेतीनशे वर्षे लिलावात ठरत आली. राजे, लढाया आणि तह यांच्या इतिहासात हा भाव फार तर एखाद्या तळटिपेत भेटतो. मला मात्र त्या तळटिपेतच एका खंडाची कहाणी दडलेली दिसते.

२/ आरंभ लंडनमध्ये. २ मे १६७० रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने हडसन्स बे कंपनीला सनद दिली आणि हडसन उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचे अफाट खोरे तिच्या हवाली केले. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या क्री व इतर लोकांना अर्थातच कोणी विचारले नाही. जानेवारी १६७२ मध्ये ‘गॅरवेज’ नावाच्या कॉफीगृहात कंपनीच्या फरचा पहिला जाहीर लिलाव झाला.

३/ त्या काळी लिलाव मेणबत्तीवर चालत. इंचभर मेणबत्ती पेटवायची. ती विझण्यापूर्वीची शेवटची बोली ज्याची, माल त्याचा. रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याने १६६२ मध्ये जहाजांचा असा एक लिलाव पाहिला होता. नेमक्या क्षणी बोली लावणाऱ्या एका चतुर गृहस्थाने त्याला आपले गुपित सांगितले: ज्योत विझता विझता धूर खाली वळतो, त्यावर नजर ठेवायची. धुराकडे डोळे लावून बसलेला तो माणूस मला पुढच्या साऱ्या फर-व्यापाराचे प्रतीक वाटतो.

४/ एवढी मागणी कशासाठी? टोपीसाठी. बीव्हरच्या राठ केसांखाली मऊ लोकरीचा दाट थर असतो. त्या लोकरीला सूक्ष्म काटे असल्यामुळे ती एकमेकांत गुंतून घट्ट नमदा बनतो आणि त्याची टोपी पावसातही आकार सोडत नाही. युरोपातले बीव्हर शिकारीमुळे जवळजवळ संपले होते. गंमत अशी की, क्री लोकांनी हिवाळाभर अंगावर वापरलेली जुनी कातडी टोपीवाल्यांना विशेष प्रिय होती. कारण वापराने राठ केस आधीच झडून गेलेले असत.

५/ उपसागराकाठच्या ठाण्यांवर नाणी नव्हती. सारा हिशेब ‘मेड बीव्हर’ या एककात चाले. हिवाळ्यात मिळवलेले, साफ करून वाळवलेले मोठ्या बीव्हरचे एक कातडे म्हणजे एक मेड बीव्हर. बंदूक, किटली, घोंगडी, तंबाखू, इतकेच काय, इतर जनावरांची कातडीही याच मापाने मोजली जात. हे दरपत्रक वर्षानुवर्षे फारसे बदलत नसे. लंडनचा भाव चढो वा उतरो, कागदावरचा आकडा स्थिर.

६/ मग खरी घासाघीस कुठे होई? मापात. ठाण्यावरचा अधिकारी बंदुकीची दारू थोडी कमी मोजी, कापड थोडे आखूड कापी आणि उरलेल्या वरकड नफ्याची वेगळी नोंद ठेवी. हे शिकाऱ्यांच्या ध्यानात येई. ते पुरते माप मागत, मानाच्या भेटी मागत, थंडीत फुटणाऱ्या बंदुका व निकृष्ट माल परत लोटत. १७३० च्या दशकात ला व्हेरेंड्री याने सुपीरियर सरोवराच्या पश्चिमेला फ्रेंच ठाणी उभारली, तेव्हा ‘आम्ही तिकडे जाऊ’ या त्यांच्या इशाऱ्याला धार आली. काचेच्या मण्यांवर भुलणाऱ्या भाबड्या आदिवासींची जी गोष्ट आपण ऐकत आलो, ती कंपनीच्या स्वतःच्या वह्यांपुढे टिकत नाही.

७/ तरीही एक गोष्ट त्यांच्या हाती नव्हती: वेळ. १७४० च्या हिवाळ्यात पकडलेल्या बीव्हरचे कातडे पुढच्या उन्हाळ्यात होडीने ठाण्यावर येई. जहाज ते घेऊन शरद ऋतूत लंडनला पोहोचे. त्यानंतर लिलाव. त्या लिलावाची बातमी उपसागरात परतायला आणखी एक उन्हाळा उजाडावा लागे. भाव हा बाजाराने जंगलाला लिहिलेला निरोप असेल, तर तो दीड-दोन वर्षे शिळा होऊन पोहोचत असे. तोवर नवे सापळे लागलेले असत.

८/ हे वाचताना मला तटस्थ राहता येत नाही. आमच्या घरी कांदा पिकतो. ट्रॉलीवर उभ्या असलेल्या वडिलांशेजारी मी लहानपणी कितीदा तरी उभा राहिलो आहे. व्यापारी येत, दोन-चार कांदे हातात घेऊन दाबून पाहत, बोली पुकारली जाई आणि चार महिन्यांच्या कष्टांचा निकाल दोन मिनिटांत लागे. भाव का पडला हे वडिलांना क्वचितच कळे. पडला, एवढेच कळे. ‘लिलाव’ हा शब्दसुद्धा आपल्याकडे समुद्रावरून, पोर्तुगीज भाषेतून आला. पण या साम्याला मर्यादा आहे. कांदा पुढच्या हंगामात पुन्हा लावता येतो. संपलेला बीव्हर लावता येत नाही.

९/ आणि तो संपत गेला. अठराव्या शतकाच्या मध्यास युरोपात भाव चढला, फ्रेंच-इंग्रज चढाओढीने ठाण्यांवर शिकाऱ्याला अधिक मोबदला मिळू लागला, शिकार वाढली आणि कित्येक खोऱ्यांत बीव्हर विरळ झाले. बीव्हर वर्षातून एकदाच वितो आणि आपले बांध व घर सोडून सहसा दूर जात नाही. त्याला शोधणे सोपे. कंपनीने १८२० च्या दशकात आपल्या हक्काच्या मुलखात शिकारीवर मर्यादा घातल्या खऱ्या. पण त्याच वेळी स्नेक नदीच्या खोऱ्यात अमेरिकन प्रतिस्पर्ध्यांना काही उरू नये म्हणून बीव्हर मुद्दाम निपटून काढले. जतन आणि संहार, दोन्ही एकाच हिशेबाच्या वहीतून निघाले.

१०/ बीव्हरला अखेर दिलासा दिला तो फॅशनने. १८३० च्या दशकात रेशमी टोपीची चलती झाली आणि बीव्हरचा भाव घसरला. रॉकी पर्वतात १८२५ पासून दर उन्हाळ्यात भरणारा सापळेकऱ्यांचा मेळा १८४० मध्ये शेवटचा भरला. अमेरिकन फर कंपनीचा संस्थापक जॉन जेकब ॲस्टर १८३४ मध्येच या धंद्यातून बाहेर पडला होता. धूर खाली वळताना त्याला दिसला होता. डोंगरात बर्फात उभ्या असलेल्या माणसाला तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

११/ या वह्यांचा एक अनपेक्षित उपयोगही झाला. कंपनीकडे दरवर्षी आलेल्या लिंक्सच्या कातड्यांचे आकडे तपासून चार्ल्स एल्टन आणि मेरी निकोल्सन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले की, या रानमांजराची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्राने वाढते व घटते. विक्रीसाठी मोजलेले मृत प्राणी जिवंत जंगलाची नाडी सांगून गेले.

१२/ विसाव्या शतकात मागणीला नवा शत्रू भेटला: ग्राहकाची सदसद्विवेकबुद्धी. १९८३ मध्ये युरोपीय समुदायाने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली. इन्युइटांच्या पारंपरिक शिकारीला तीतून सूट होती. परंतु बाजार असे बारकावे वाचत नाही. सर्वच सीलच्या कातड्यांचा भाव कोसळला आणि ज्या आर्क्टिक वस्त्यांत रोख पैशाचे दुसरे साधन नव्हते, त्यांचे कंबरडे मोडले. पिल्लांची हत्या थांबावी असे मलाही वाटते. मात्र त्या निर्णयाची किंमत निर्णय घेणाऱ्यांनी मोजली नाही, हेही नोंदवावेसे वाटते.

१३/ पुढची चढउतार तर आपल्या डोळ्यांसमोरची. २०१३ च्या सुमारास चीनच्या मागणीमुळे मस्करॅट या छोट्या पाणउंदराच्या कातड्याला लिलावात दहा डॉलरच्या घरात भाव मिळाला. मग चीनची खरेदी मंदावली, रशियाचा रुबल घसरला आणि दोन-तीन वर्षांत तो भाव पार खाली आला. जॅकेटच्या टोपडीला लावण्यासाठी कोयोटीच्या फरला मोठी मागणी होती. २०२१ मध्ये कॅनडा गूज या कंपनीने फर वापरणे बंद करण्याची घोषणा केली. टोरांटोचे नॉर्थ अमेरिकन फर ऑक्शन्स हे लिलावगृह तर २०१९ मध्येच कर्जात बुडाले होते. आणि ज्या कंपनीपासून आपण सुरुवात केली, तिची दुकाने २०२५ मध्ये कायमची बंद झाली.

१४/ ऑन्टॅरिओतील नॉर्थ बे येथे मात्र एक लिलावगृह सापळेकरी आणि मूलनिवासी समाज यांच्या मालकीचे आहे. तेथे प्रतवारी करणारा माणूस त्यांचा, वहीही त्यांची. कमी मापाने फसवले जाण्याची जुनी भीती तिथे उरलेली नाही, आणि साडेतीनशे वर्षांच्या या इतिहासात ही गोष्ट लहान नाही. पण बोली लावणारा आजही दूर देशाचा असतो. माप आपल्या हाती आणता येते, मागणी नाही. म्हणून इतिहासात कुठेही ‘भाव पडला’ असे तीन सेकंदांत वाचून होणारे वाक्य आले, तर क्षणभर थांबा आणि विचारा: ही बातमी सर्वांत शेवटी कोणाला कळली? बहुधा ज्याने तिची किंमत मोजली, त्यालाच.