एका नकाराचं ऋण

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत, त्यांतल्या बहुतेकांनी मला काही ना काही दिलं. मानेसरच्या ताईंनी मला नाही म्हटलं. तरीही वकिलीतलं माझं सगळ्यात मोठं देणं त्यांचंच आहे.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी साताऱ्याहून मानेसरला आले. गावाची ओळख विचारली की लोक मारुतीचा कारखाना नाहीतर एनएसजीचा तळ सांगतात. अरवलीच्या पायथ्याशी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, हे मला तिथे काम करणाऱ्या ताईंची ओळख होईपर्यंत ठाऊक नव्हतं. ताई मूळच्या वर्ध्याच्या. मी गुरुग्रामच्या बालन्याय मंडळापुढे विधी सेवेतून येणारी मुलांची कामं चालवत होते.

त्यातलाच एक मुलगा. ओळख पटेल असं काही लिहिणार नाही, कायद्यालाही ते मंजूर नाही. वय सतरा. मित्रांबरोबर हायवेवर एका ट्रकचालकाला लुटलं, तेव्हा चाकू याच्या हातात होता. अशा गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा, म्हणून 2015 च्या बालन्याय कायद्याप्रमाणे तो गुन्हा ‘निर्घृण’ ठरला. मुलगा सोळा ते अठरातला असला की मग कलम 15 येतं. गुन्हा करण्याइतकी मानसिक आणि शारीरिक क्षमता त्याच्यात होती का, परिणाम कळत होते का, हे मंडळाने तपासायचं, आणि त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा की नाही ते ठरवायचं.

मी ताईंकडे गेले ती एकच मागणी घेऊन. याच्या मेंदूचा स्कॅन बघा आणि वाढ अजून पुरी झालेली नाही असं लिहून द्या.

ताईंनी एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला. अमेरिकेतले संशोधक जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 145 मुलांचे आणि तरुणांचे एमआरआय मांडले, त्या धर्तीचा आलेख होता. आडवं वय, उभं मेंदूतल्या करड्या भागाचं आकारमान. मधून एक डौलदार रेष वर चढून खाली उतरत होती, आणि तिच्या भोवती ठिपकेच ठिपके. हातात पेन्सिल देऊन त्या म्हणाल्या, “वकीलबाई, यातला तुमचा मुलगा दाखवा बघू.”

मी पेन्सिल फिरवत राहिले. बारा वर्षांच्या कुणाचा ठिपका विशीतल्या ठिपक्याच्या उंचीला होता, सतरातले काही पार खाली.

“रेष वयाची आहे, ठिपका एकेका मुलाचा. रेषेबद्दल मी शपथेवर सांगेन. ठिपका बघून वय सांगता येत नाही, समज तर त्याहून नाही. आणि आज तुम्ही सोडवायला स्कॅन आणलात, तर उद्या समोरचा वकील अडकवायला आणेल.”

त्या वेळी मला राग आला होता. त्या मुलाची आई रोज फोन करत होती आणि मी रिकाम्या हाताने परत निघाले होते. पण ताईंनी तसं जाऊ दिलं नाही. रेषेबद्दल जे ठाम सांगता येतं ते त्यांनी पुढच्या कित्येक संध्याकाळी मला शिकवलं, एक पैसा न घेता. मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग सगळ्यात शेवटी, विशीच्या मध्याकडे पक्का होतो. थरार आणि शाबासकी यांना भुलणारे भाग त्याआधीच जोरात असतात. स्टाइनबर्ग आणि गार्डनर यांचा 2005 चा प्रयोगही त्यांनीच सांगितला. गाडी पळवण्याच्या संगणकी खेळात मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुलं एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत. मोठ्या माणसांना त्याने फारसा फरक पडत नव्हता. “त्या रात्री सोबत कोण होतं, कोण काय ओरडत होतं, ते मंडळाला नीट सांगा,” त्या म्हणाल्या. मी तेच सांगितलं. मंडळाने मुलाला प्रौढासारख्या खटल्यासाठी पुढे पाठवलं नाही.

डिसेंबर 2012 मधल्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराची ती रात्र आठवली की आजही रक्त उसळतं; आरोपींतला एकजण अठराच्या आतला होता. न्यायमूर्ती वर्मा समितीने त्या संतापातही अठराची मर्यादा खाली आणायला नकार दिला होता, कायदा मात्र तीन वर्षांनी बदलला. विज्ञान वयाबद्दल बोलतं आणि आपण मंडळाला एकेका मुलाच्या मनात डोकवायला लावलं, हे मला आजही पटत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये अल्पवयीनांची फाशी रद्द केली, तेव्हा असा निवाडा तज्ज्ञांनाही अवघड आहे म्हणून सगळ्यांसाठी अठराचीच रेष आखली. मानेसरपासून फार लांब नसलेल्या भोंडसीच्या शाळेतल्या खुनाच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही जुलै 2022 मध्ये हे मूल्यांकन नाजूक असल्याचं बजावलं आणि मंडळावर बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं सक्तीचं केलं.

27 मार्च 2023 ला पुण्यातल्या 1994 च्या हत्याकांडाचा निकाल आला, आणि मी पहिला फोन ताईंना केला. पाच बायका आणि दोन मुलं मारली गेली होती. फाशीची शिक्षा झालेल्या आरोपींपैकी एकजण गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. तोवर त्याची अठ्ठावीस वर्षं तुरुंगात गेली होती. त्याला सोडवलं ते राजस्थानातल्या एका गावच्या शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीने.

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुमच्या किती मुलांचे दाखले खरे काढलेत?”

आता नवं काम आलं की मी मुलाच्या वडिलांना आधी गावच्या शाळेत धाडते. दाखल्याची प्रत चालत नाही, मूळ रजिस्टरचं पान बघून, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का घेऊन यायचं.